गौर आणायला माझी आई का चालत नाही? वाडीच्या मंडळाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सेक्रेटरी आणि सगळे सभासद, आपल्या वाडीचं ग्रामस्थ मंडळ, गावचं आणि मुंबईचं दोन्ही,
आणि महिला मंडळातल्या सगळ्या काकी, आत्या, वहिनी यांना,

सप्रेम नमस्कार.

मी वाडीची लेक. लग्न होऊन नालासोपाऱ्याला आले त्याला आता सतरा वर्षं झाली पण गौरी-गणपतीला आले नाही असं एकही वर्ष गेलं नाही, पोटुशी होते तेव्हाही बोरिवली-दापोली एसटीत बसून आले होते. मंडळाच्या ग्रुपवर मी कधी काही लिहीत नाही. हे पत्र मात्र ग्रुपवरही टाकतेय आणि बाहेरही सगळ्यांना वाचता येईल असं टाकतेय, कारण हा प्रश्न एकट्या आमच्या घराचा नाहीये आणि दाबून ठेवायचाही नाहीये.

मे महिन्यात चाकरमानी गावाला आलेले असताना देवळात मीटिंग झाली. पाखाडीची दुरुस्ती, सभामंडपाचे पत्रे, वर्गणी, सगळं ठरलं, चांगलं ठरलं. आणि त्याच कागदावर शेवटी गौरीचे नियम म्हणून तीन ओळी आल्या. यावर्षीपासून सगळ्या घरच्या गौरी पऱ्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, एकत्र वाजतगाजत आणायच्या. गौर डोक्यावर घेण्याचा आणि घरात घेण्याचा मान फक्त सुवासिनी आणि कुमारिकांचा. आणि देवळातलं हळदीकुंकू फक्त सुवासिनींसाठी. खाली मंडळाचा शिक्का.

पहिल्या ओळीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, एकत्र आणल्या तर छानच दिसेल. बाकीच्या दोन ओळी मला मान्य नाहीत आणि गप्प बसून त्या मान्य केल्यासारखं दाखवणंही मला जमणार नाही.

आधी काय झालं ते सांगते, कारण मुंबईच्या बऱ्याच लोकांना माहीत नसेल. आमचे आप्पा २०२३ च्या दिवाळीनंतर गेले. २०२४ ला आम्ही वर्ष पाळलं, गणपती आणला नाही. २०२५ ला परत आणला. गौरी ३१ ऑगस्टला होत्या, मी सकाळी निघाले पण गाडी रखडली आणि वाडीत पोचायला दिवेलागण झाली. तोपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. आई दरवर्षीसारखी सूप घेऊन पऱ्यावर गेली होती, तेरडा तिनेच आदल्या दिवशी वरच्या काटाळीवरून मुळासकट उपटून आणून पाण्यात ठेवला होता, हळदीची पानं आमच्याच परड्यातली. आणि तिथे पाण्यात पाय ठेवायच्या आधीच तिला सांगण्यात आलं की तू नको गो आता, दुसऱ्या कोणाला तरी दे. कोण बोललं ते मी लिहिणार नाही, ते महत्त्वाचंही नाही, कारण बाकी कोणीच काही बोललं नाही. शेवटी शेजारच्या नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर आमची गौर दिली आणि आई मागून चालत आली. दारात पायावर दूध-पाणी घालायचं तेही दुसऱ्याच कोणी घातलं. गौर कुठल्या पावलांनी आली, सोन्यामोत्याच्या पावलांनी आली, असं म्हणत तिला सगळं घर दाखवतात ना, चूल दाखवतात, भाताची कणगी दाखवतात, ते घर ज्या बाईने चाळीस वर्षं सारवलं ती बाई पडवीत खांबाला टेकून उभी होती.

हे मला आईने नाही सांगितलं. त्या नऊ वर्षांच्या पोरीने सांगितलं. तिला कळत नव्हतं की काकी स्वतः का नाही घेत.

दुसऱ्या दिवशी रात्री गौर जागवायला बायका आमच्याकडे आल्या, झिम्मा-फुगडी झाली, आणि हळदीकुंकवाचं तबक फिरलं तेव्हा ते आईच्या समोरून पुढे गेलं. आमच्याच ओटीवर, आमच्याच गौरीपुढे. मी बघत होते. मी तेव्हाच उठून बोलायला पाहिजे होतं, नाही बोलले, घरी आलेल्या बायकांसमोर तमाशा नको असं वाटलं. त्या न बोलण्याची मला वर्षभर टोचणी आहे आणि त्यातूनच हे पत्र आलंय असं समजा.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही म्हणता परंपरा आहे. मी पण परंपरेबद्दलच बोलते, कारण मला सण मोडायचा नाहीये. मला सगळं आवडतं हो, तेरडा, आघाडा, सुपातली पानं, पहिल्या दिवशीची भाजी-भाकरी, घावन-घाटलं, ज्यांच्याकडे तिखटाचा नैवेद्य असतो त्यांच्याकडचे गणपती आणि गौरीच्या मधले ते पडदे, तिसऱ्या दिवशी बोळवण करून पऱ्यावरची वाळू आणून घरभर टाकणं, सगळं. म्हणूनच विचारते, यातलं कुठे लिहिलंय की जिचा नवरा गेला तिने गौरीला हात लावू नये?

गौरी जेवतात त्या दिवशी कहाणी वाचतात ती आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलीय. गरीब ब्राह्मण, पोरं आईला म्हणतात गौर आण, घरात काही नाही, बाप तळ्यावर जीव द्यायला निघतो आणि वाटेत एक म्हातारी भेटते, ती त्याची समजूत घालते, तो तिला घरी घेऊन येतो. बायको दिवा घेऊन दारात येते, विचारते पाहुणी कोण, तो म्हणतो आजी. बास, एवढंच विचारलं. मग बघते तर रिकाम्या मडक्यात कण्या भरलेल्या. म्हातारी सकाळी उठून म्हणते मला न्हाऊ घाल, घावन-घाटलं कर, नाही म्हणू नको. आणि जाताना वाळू देते, घरभर टाक, हंड्यावर टाक, मडक्यावर टाक, गोठ्यात टाक. आपण आजही तेच करतो. मला माहितीय की कहाणीत ती म्हातारी सवाशीण होती असं वाचतात, आणि पुढे सवाष्णीची ओटी भरावी, तिला जेवू घालावं असंही आहे. ते मी लपवत नाही. भरा की सवाष्णीची ओटी, कोण नको म्हणतंय. पण त्या अख्ख्या कहाणीत अमुक बाईला दारात अडवा, अमक्या बाईच्या समोरून तबक पुढे न्या असं एक वाक्य मला दाखवा. नाहीये. त्या घरात जे पाहुणं आलं त्याला आत घेतलं म्हणून घर भरलं, कहाणी आहे ती एवढीच आहे.

दुसरं, आपण दोन गौरी बसवतो. एक ज्येष्ठा, एक कनिष्ठा. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजा होते, अनुराधेवर आणतात, मूळ नक्षत्रावर पोचवतात, म्हणून नाव ज्येष्ठागौरी, हे भटजी सांगतात ते बरोबर आहे. पण आपल्या बायका त्यांना बहिणी-बहिणी म्हणतात, मोठी आणि धाकटी. आणि ज्येष्ठा नावाची लक्ष्मीची मोठी बहीण पुराणात आहे हे कितीजणींना माहीत आहे? पद्मपुराणात तिची गोष्ट आहे. समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी ती बाहेर आली म्हणून ती मोठी. तिला सगळे अशुभ समजायचे, अलक्ष्मी म्हणायचे. मोठीचं लग्न झाल्याशिवाय मी करणार नाही असं लक्ष्मीने सांगितलं म्हणून विष्णूने तिचं लग्न उद्दालक ऋषींशी लावून दिलं. आणि त्या नवऱ्याने एक दिवस तिला पिंपळाखाली बसवलं, म्हणाला थांब इथे, मी आपल्याला राहायला जागा बघून येतो, आणि गेला तो आलाच नाही. ती तिथे बसून रडत राहिली. ते रडणं लक्ष्मीला वैकुंठात ऐकू गेलं आणि तिनेच विष्णूला सोबत घेऊन यायला लावलं. तेव्हापासून दर शनिवारी लक्ष्मी बहिणीला भेटायला पिंपळाखाली येते, म्हणून आपण शनिवारी पिंपळाला जातो.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली ना तेव्हा बराच वेळ तशीच बसून राहिले. नवरा परत न आलेली, सगळ्यांनी अशुभ ठरवलेली मोठी बहीण, आणि तिला न विसरणारी धाकटी. आपण मखरात दोघींना शेजारी-शेजारी उभ्या करतो, एकसारख्या साड्या नेसवतो, एकसारखा नैवेद्य दाखवतो. तिथे मोठीला बाजूला बसवत नाही. आणि त्याच गौरीपुढे माझ्या आईला बाजूला बसवतो. हे मला कोणीतरी समजावून सांगा, मी ऐकायला तयार आहे.

तिसरी गोष्ट, कुंकू. कुंकू नवऱ्याचं असतं असं म्हणतात. आपल्या घरात मुलगी बारा दिवसांची होते तेव्हा बारशाला तिला कुंकू लावतात, हातात बांगड्या घालतात, तेव्हा कुठला नवरा असतो? माझ्या आईला तिच्या आईने कुंकू लावायला शिकवलं, आप्पांनी नाही. आप्पांनी तिला मंगळसूत्र घातलं, ते तिने काढलं की ठेवलं हा तिचा प्रश्न. पण जे तिचं जन्मापासूनचं होतं ते आप्पांबरोबर कसं काय गेलं? आप्पा असते तर त्यांनाही हे पटलं नसतं, हे मी त्यांची मुलगी म्हणून खात्रीने सांगते.

चौथं आता जरा स्पष्टच लिहिते, राग मानू नका. राबायला ती चालते. तांदूळ निवडायला चालते, पुरण वाटायला चालते, सकाळी चारला उठून पन्नास माणसांचे घावन घालायला चालते, देवळाच्या सप्त्याला भांडी घासायला चालते. जूनमध्ये लावणीला गुडघाभर चिखलात उभी असते तेव्हा कोणी विचारत नाही की तू विधवा आहेस, आवणाला हात लावू नको, पिकाला चालायचं नाही. भादव्यात हळवं भात निसवायला लागतं त्याच वेळी गौर येते, शेतातलीच देवी आहे ती, रानातला तेरडा म्हणजेच ती. ज्या हातांनी लावलेलं भात कणगीत जाऊन गौरीला दाखवायचं ते हात गौरीला मात्र चालत नाहीत.

आणि पुरुषांचं काय? वाडीत बायको गेलेले पुरुष आहेत, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, ते गणपतीच्या पूजेला बसतात, गाऱ्हाणं घालतात, नारळ फोडतात, पालखीला खांदा देतात. कोणी कधी अडवलं नाही आणि अडवूही नये. मग हा नियम फक्त बायकांच्या कपाळाला का?

पाचवं, परंपरा म्हणताना आपल्याच वाडीची परंपरा तरी नीट बघूया. माझी आजी, आप्पांची आई, तिशीतच विधवा झाली. दोन्ही मुलगे लहान वयातच मुंबईला गिरणीत चिकटले, घरात दुसरी बाई नाही, मग गौर कोण आणणार? तीच आणायची. आई लग्न होऊन घरात येईपर्यंत आजीनेच आणली, वाडीतल्या आज जिवंत असलेल्या दोन म्हाताऱ्यांना हे चांगलं आठवतंय, मी मे महिन्यात जाऊन दोघींना विचारून आले. तेव्हा सगळ्यांचेच पुरुष मुंबईला होते, वाडी बायकांनी चालवली, आणि कुणाच्या कपाळावर काय आहे ते बघत बसायला कोणाला सवड नव्हती. म्हणजे तुम्ही कागदावर लिहिलेला नियम जुना नाहीये. जुनं होतं ते थोडं सैल होतं, प्रत्येक घर आपापलं बघायचं. आता तुम्ही त्याला शिक्का मारून सगळ्यांसाठी घट्ट केलंय. पूर्वी कोणीतरी कुजबुजायचं, आता मंडळाचा ठराव आहे. हा फरक छोटा नाही.

आणि आजची वाडी कशी आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. किती घरांना कुलपं आहेत, ती गणपतीत आणि शिमग्यात उघडतात. जी बारा महिने उघडी असतात त्यातल्या कितीतरी घरात एकटी बाई राहते, नवरा गेलेली. तीच तुळशीपुढे दिवा लावते, तीच शेजारच्या बंद घराची पावसाळ्यात कौलं गळतात का बघते, तीच फोन करून सांगते की अरे तुमच्या पडवीवर फांदी पडलीय. आपण मुंबईहून सात दिवसांसाठी येतो आणि आयतं झाडलेलं अंगण आपल्याला मिळतं. त्या बायकांना आपण आल्यावर सांगणार की सणाच्या वेळी तुम्ही मागे थांबा?

मला कोणीतरी फोनवर म्हणालं, तुझी आई तर काहीच बोलली नाही, तिलाच नको असेल, तू कशाला वाढवतेस. खरंय, आई नाही बोलली. मला पण म्हणाली जाऊ दे गो, माझं काय आता. पण जिला जन्मभर शिकवलं की असं झालं की असं मागे सरायचं, ती पहिल्याच वर्षी उठून भांडेल का? मी तिला एकच विचारलं, तुला गौर आणायची आहे का? ती बराच वेळ चुलीतलं लाकूड मागेपुढे करत राहिली. मग म्हणाली, चाळीस वर्षं आणली, हाताला सवय आहे. याचा अर्थ मला कळतो, तुम्हालाही कळत असेल.

आता ठरावच करायचा तर कसा करता येतो तेही सांगते. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे आमच्या गावात बंद. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन १०० वर्षं होत होती तेच ते वर्ष. आणि त्याच महिन्यात, १७ मे २०२२ ला, राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा आदर्श घ्या असं सांगितलं. म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीलाही ते सांगितलेलंच आहे. चार वर्षं झाली. आपल्याकडे त्यावर कधी साधी चर्चा झाल्याचं मला तरी आठवत नाही, आणि झालं ते हे, नेमकं उलट्या बाजूचं.

आणि हेरवाड लांबचं वाटत असेल तर आपल्या दापोली तालुक्यातलंच मुरुड घ्या. धोंडो केशव कर्वे मुरुडचे. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं, त्या विधवा होत्या. तेव्हा मुरुडच्या लोकांनी बैठक घेऊन त्यांच्यावर बहिष्कार टाकला, त्यांना गावात आपल्याच आईकडे राहणं अवघड करून सोडलं. तो पण ठरावच होता, गावातल्या मोठ्या माणसांनी विचार करून केलेला, आणि त्यांनाही वाटत होतं की आपण धर्म सांभाळतोय. पुढे कर्व्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं आणि आज मुरुडला कोणी पाहुणा आला की कर्व्यांचं गाव म्हणूनच ओळख करून देतात. बहिष्काराच्या त्या बैठकीत कोण कोण होतं ते कोणी अभिमानाने सांगत नाही. आपल्या नातवंडांनी मंडळाचं जुनं दप्तर काढलं आणि यावर्षीचा कागद त्यांच्या हाताला लागला तर त्यावर तुमच्या सह्या आहेत, माझ्या सख्ख्या चुलत्यांचीही आहे. मला ते नको वाटतं म्हणून सांगतेय.

महिला मंडळातल्या काकी-वहिनींना थोडं वेगळं बोलायचंय. त्या मीटिंगला तुम्ही होतात. तुमच्यातल्या तिघी-चौघी स्वतः आईसारख्याच आहेत, मागच्या सतरंजीवर बसला होतात, नियम वाचला जाताना एकीने पदर पुढे ओढला हे मी पाहिलं. कोणी बोललं नाही त्याबद्दल माझी तक्रार नाही, मी तरी गेल्या वर्षी कुठे बोलले. पण सुवासिनींनो, आपल्याला हे कळलं पाहिजे की हा मान आपण मिळवलेला नाही, आपला नवरा जिवंत आहे एवढंच, आणि हे आपल्या हातात नसतं. आप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशी आई सगळ्यांच्या हळदीकुंकवाला होती. एका रात्रीत तिच्यात काय बदललं? माझ्या कपाळावरचं कुंकू मला त्या दिवसापासून वेगळं वाटायला लागलंय, लावते मी, पण आईच्या समोर लावताना हात अडखळतो.

आणखी एक, मीटिंगमध्ये कोणीतरी तोडगा काढला की अशा बायकांसाठी नंतर वेगळा छोटा कार्यक्रम ठेवू, त्यांना साडी-नारळ देऊ. हेतू चांगला असेल, पण कृपा करून ते करू नका. वेगळ्या सतरंजीवर बसवून साडी दिली तर ते अजून लागतं. त्यांना काही द्यायचं नाहीये, त्यांचं होतं ते काढून घ्यायचं नाहीये, एवढंच.

आता माझं मागणं काय ते सरळ लिहिते म्हणजे घोळ नको.

नियमांच्या कागदावरच्या त्या दोन ओळी काढून टाका आणि सुधारलेला कागद त्याच ग्रुपवर, त्याच शिक्क्याने टाका. तोंडी आता असू दे, कोणी अडवणार नाही, असं चालणार नाही, कारण पऱ्यावर ऐन वेळी कोण काय बोलेल याची खात्री तोंडी शब्दाने देता येत नाही.

ज्या घरची गौर आहे ती कोणी आणायची ते त्या घराने ठरवू द्या. एखाद्या घराला सुवासिनीनेच आणायची असेल तर त्यांनी तसं करावं, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण त्यांच्या घराचा नियम आमच्या घराला नको.

देवळातल्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणात सुवासिनी हा शब्द न घालता वाडीतल्या सर्व माताभगिनी एवढंच लिहा, आणि तबक सगळ्यांसमोर थांबू द्या. जिला लावून घ्यायचं नसेल ती नको म्हणेल, तिच्यावर जबरदस्ती नको, तो तिचा अधिकार. पण तिला विचारायचं, पुढे जायचं नाही. बोळवणीच्या वेळी हळदीतल्या सुताचे दोरे देतात तेही सगळ्यांना मिळाले पाहिजेत, गेल्या वर्षी आईला तो पण मिळाला नाही.

आणि येत्या ग्रामसभेत हेरवाडसारखा ठराव मांडायला मंडळाने पाठिंबा द्यावा. मांडायला मी तयार आहे, पण मतदार यादीत माझं नाव आता वाडीत नाही म्हणून कोणीतरी गावातल्याने मांडला पाहिजे. माझा भाऊ मांडेल, त्याच्याशी माझं बोलणं झालंय. अनुमोदनाला एक हात लागेल, तो महिला मंडळातून यावा अशी माझी फार इच्छा आहे.

हे सगळं मान्य नसेल तर मंडळाने कारण लिहून द्यावं. कुठल्या पोथीत आहे, कोणी सांगितलं, कधीपासून आहे, ते लिहून द्या, मी वाचीन आणि त्याला उत्तर देईन. फक्त आमच्यात असं चालत नाही हे कारण नको, कारण आमच्यात म्हणजे आपल्यात, आणि त्या आपल्यात माझी आई पण येते, माझी आजी पण यायची.

अध्यक्ष काका, तुम्ही मला लहानपणी खांद्यावर बसवून शिमग्याची पालखी दाखवली आहे. तुमच्याशी भांडायला मला आवडत नाहीये. पण तुम्हीच मला सांगायचात की देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं स्पष्ट घालायचं, मनात ठेवायचं नाही. म्हणून हे गाऱ्हाणं तुमच्यापुढे घातलंय.

यावेळी मी आदल्या रात्रीच पोचणार आहे, रजा टाकली आहे. वरच्या काटाळीवर यंदा तेरडा चांगला वाढलाय असं आई परवा फोनवर म्हणाली, कुठला घ्यायचा तेही तिने बघून ठेवलंय. गौर येते त्या दिवशी दुपारी आम्ही दोघी पऱ्यावर येऊ. सूप तिच्या डोक्यावर असेल, मी मागून चालेन. तुम्ही वाजवणाऱ्यांना आमच्या पण पुढे वाजवायला सांगा.

उत्तराची वाट बघते. ग्रुपवरच द्या, सगळ्यांना दिसू दे.

तुमचीच,
वाडीची माहेरवाशीण